गुरुवारी सुट्टी असलेल्या घरांतला रविवार कुणाला आठवतो?

कसब्यातली:

गेल्या आठवड्यात कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला आणि जुना अल्बम हाती आला. काळी पानं, मध्ये बटर पेपर, फोटोंच्या कोपऱ्यांना ते कागदी त्रिकोण. आवरायचं राहिलं बाजूला, मी तिथेच स्टुलावर बसून मोजत सुटले. एकूण एकेचाळीस फोटो. त्यातल्या फक्त चारांत बाबा आहेत.

आमच्याकडे फोटो काढायचा मामा. कॅमेरा त्याच्याकडेच होता आणि तो यायचा रविवारी. रविवारी बाबा घरी नसायचे.

मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका वाड्यात वाढले, जन्म १९७५ चा. बाबा पिंपरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात होते, कायम जनरल शिफ्ट, म्हणजे दिवसपाळी. तिकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी सकाळी पावणेसातला बाबा डब्याची पिशवी घेऊन शनिवारवाड्यापाशी कंपनीच्या बसची वाट बघत उभे असायचे, आणि आमच्या वाड्यातले बाकी सगळे पुरुष डोक्यावरून चादर ओढून झोपलेले.

लहानपणचा रविवार म्हटलं की जे जे सांगतात ते माझ्याकडेही आहे. शिकेकाई डोळ्यांत गेलेली आहे, बंबात भुसा ठासलेला आहे, गिरणीत डब्यांच्या रांगेत उभं राहून 'गव्हावर गहूच टाका हो' असं बजावलेलं आहे, सोमवारसाठी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासलेला आहे. पण या सगळ्यात बाबा नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातले काका रविवारी ओट्यावर मांडी घालून पेपर वाचायचे आणि त्यांची मुलगी त्यांच्या पाठीवर रेलून वेणी सोडत बसायची. मला त्या पाठीचा हेवा वाटायचा. आज पन्नाशी आली तरी ते दृश्य जसंच्या तसं दिसतं, बनियनला उजव्या खांद्याशी भोक होतं, तेसुद्धा.

आमच्याकडे रविवारची पुरवणी आजी चार घड्या घालून गादीखाली सरकवायची. बाबा ती गुरुवारी वाचायचे. शब्दकोड्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा भावानं पेन्सिलीनं दोन शब्द भरले, तर आजीनं ते खोडरबरानं इतके घासले की तिथला कागद फाटला.

गुरुवारी आमची शाळा सकाळची. साडेबाराला घंटा झाली की फाटकाशी सगळ्यांच्या आया, आणि त्यांच्यात सायकल धरून उभे एकटे बाबा. आई घरी गोडाचं करायची, कारण आमचं 'रविवारचं जेवण' गुरुवारी. मग उन्हं कलल्यावर पेशवे पार्क. आता तिथे प्राणी नाहीत, ते सगळे कात्रजला गेले, पण तेव्हा सिंह होते, मोर होते, माकडं होती, आणि फुलराणी नावाची छोटी आगगाडी होती. फुलराणी १९५६ सालापासून धावते आहे. रविवारी तिला मोठी रांग लागायची म्हणे. मला ती रांग माहीतच नाही. गुरुवारी दुपारी पार्कात चिटपाखरू नसायचं. गाडीवाला आणखी चार डोकी जमतील म्हणून वाट बघायचा आणि शेवटी आम्हा दोघांनाच घेऊन निघायचा. मी पहिल्या डब्यात, भाऊ शेवटच्या डब्यात, मधले सगळे डबे रिकामे. बाबा कठड्याला टेकून उभे. आम्ही फेरी मारून आलो की मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायचे, "वेळेवर आहे."

आता मुख्य गोष्ट. २५ जानेवारी १९८७ ला टीव्हीवर रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊ. आमच्या वाड्यात टीव्ही फक्त मालकांकडे. अँटेना कौलांवर, तोंड सिंहगडाकडे. पुण्यातल्या सगळ्याच अँटेनांची तोंडं तिकडे होती, कारण १९७३ पासून मुंबईचं दूरदर्शन आपल्यापर्यंत पोचायचं ते गडावरच्या टॉवरवरून. वारा आला की पडद्यावर मुंग्या. मग मालकांचा मुलगा वर चढायचा आणि खालून तीस माणसं ओरडायची, "गडाकडे कर! अजून गडाकडे!" मालकांच्या दाराशी चपलांचा हा ढीग. आजी घरून फुलं घेऊन यायची आणि टीव्हीपुढे ठेवायची.

बाबांनी त्यातलं काहीही पाहिलं नाही. दर रविवारी साडेनऊला ते मशीनपुढे उभे असायचे.

साडेपाच-पावणेसहाला बाबा यायचे. मोरीत हात धुवायला त्यांना बराच वेळ लागायचा. आधी चिमूटभर धुण्याची पावडर आणि राखेनं, मग साबणानं, तरी नखांच्या कडेनं काळी रेघ राहायचीच. मग चटईवर आडवे व्हायचे, दोन्ही पाय भिंतीला वर लावायचे, डोळे मिटायचे. आई चहाचा कप आणि बशी डोक्याशी ठेवायची. ते डोळे न उघडता म्हणायचे, "हं. कुठवर आलं होतं?"

आणि मी सांगायचे. अख्खा भाग. संवाद मला पाठ व्हायचे. कैकेयीचा आवाज मी मुद्दाम आमच्या चित्रकलेच्या बाईंसारखा काढायचे. भाऊ सहा वर्षांचा, त्याच्याकडे उड्या मारायचं काम, म्हणजे मारुती तोच. त्याचा मारुती पुण्यावरूनच जायचा, त्याला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता. मी थांबले की बाबा म्हणायचे, "मग?" कधी वाटायचं झोपले, म्हणून मी आवाज खाली आणायचे, तर लगेच, "मग? लक्ष्मण काय म्हणाला?" दीड वर्ष हे चाललं. एकही रविवार चुकला नाही. मला गोवर झाला तेव्हा मी पांघरुणातून सांगितलं.

विचारायचं आहे ते हे. ज्यांच्या घरी गुरुवारची सुट्टी होती अशी माणसं इथे आहेत का? तुमचा रविवार कसा जायचा? आणि रविवारी घरी नसलेल्या माणसाला तो रविवार तुम्ही कसा पोचवायचात? बाबांची आता ऐंशी उलटली. तुमचं काही आलं तर त्यांना वाचून दाखवणार आहे.

प्राधिकरणातला:

आम्ही! पिंपरी-चिंचवडमधली आमची अख्खी निगडी!

आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यातल्या नऊ घरांत गुरुवारची सुट्टी. त्यामुळे तुमच्यासारखं एकटं वाटायचं नाही, उलट ज्यांचे वडील बँकेत तेच वेगळे वाटायचे. रविवारी गल्लीत फक्त बाया आणि मुलं. क्रिकेट खेळताना काच फुटली तर संध्याकाळपर्यंत जीव मुठीत, कारण निकाल पुरुष मंडळी परत आल्यावर लागायचा.

गुरुवार का, हे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला एकदा कागदावर रेघा मारून समजावलं होतं. कारण विजेचं. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस सगळे चालू, असं झालं तर त्या सहा दिवसांत विजेवर फार ताण येतो. म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले. पुणे-पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. अजूनही भोसरीत गुरुवारी साधा एक बोल्ट आणायला गेलात तर शटर खाली दिसेल. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर गुरुवार, पुण्यात पाणी बंद ठेवायचं तरी गुरुवार, ही सवय त्यातूनच पडली असावी असं मला वाटतं. माझे काका शहरात राहायचे आणि नोकरीला भोसरीत. ते कळवळून म्हणायचे, आठवड्याची एक सुट्टी, त्यात नळाला पाणी नाही आणि डोक्यावर पंखा नाही.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्याकडे मटण व्हायचं, आणि अण्णांची सुट्टी नेमकी दत्ताच्या वारी. गुरुवारी घरात अंडंसुद्धा फुटायचं नाही. मग आमचं मटण बुधवारी रात्री. अण्णा कामावरून येताना चिंचवड स्टेशनवरून घेऊन यायचे, आई सातला वाटण वाटायला बसायची, जेवायला साडेदहा. आम्ही पोरं पेंगत पेंगत जेवायचो. नळी चोखता चोखता मी एकदा ताटावरच झोपलो होतो. बुधवारी रात्री उशिरा कुणाच्या घरून खोबरं भाजल्याचा वास आला की मला आजही वाटतं, उद्या अण्णा घरी.

तुमचे बाबा जनरल शिफ्टला, त्यामुळे त्यांचं रामायण कायमचं हुकलं. अण्णांची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. सेकंड शिफ्ट आली की रविवारी सकाळी ते घरी असायचे. त्यामुळे त्यांनी रामायण तीनातला एक भाग असं पाहिलं. मधले दोन भाग आई सांगायची, पोळ्या लाटता लाटता, आणि अगदी थोडक्यात: "वनात गेले. भरत आला होता, परत पाठवला."

रविवारची_मुलगी:

मी बँकवाल्यांच्या घरातली, म्हणून जरा दबकतच लिहिते आहे. आमचे वडील रविवारी पूर्ण दिवस घरी असत. सकाळी पाढे, पावकी-निमकीसकट, मग शुद्धलेखन, मग मराठीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचन. साडेनऊला टीव्ही, साडेदहाला पुन्हा पाटी. संध्याकाळी सारसबागेत तळ्यातला गणपती आणि भेळ, तीसुद्धा येताना, आधी नाही. मी लहानपणी देवाला सांगायचे की यांना एखाद्या रविवारी ऑफिसला बोलवा.

तुमचा तो पाठीचा हेवा वाचला आणि मला आठवलं की मीही वडिलांच्या पाठीवर रेलायचे. पाढे चुकले नाहीत तर. हे मी विसरलेच होते.

दोन प्रश्न. बाबा अजून शब्दकोडं सोडवतात का? आणि त्यांनी रामायण नंतर कधी पाहिलं का?

फळीवरचा:

आमच्याकडे गुरुवारही नव्हता. आमचा सोमवार. माझ्या वडिलांचं, दादांचं, गंज पेठेत केशकर्तनालय होतं. पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात.

तुम्ही सगळे रविवारी कटिंगला जायचात ना, ते आमच्याकडे यायचात. दादा रविवारी सहाला दुकान उघडायचे आणि बंद करायला रात्रीचे नऊ. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून रविवारी दुकानात. माझी कामं म्हणजे केस झाडून पोत्यात भरायचे, टॉवेल झटकायचे, तुरटी पुसून जागेवर ठेवायची, आणि लहान पोरगं आलं की खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायची. तुमच्यातले बरेच जण त्या फळीवर रडले असतील. फळीची एक कड मांडीला लागायची म्हणून दादांनी तिला जुन्या टॉवेलची पट्टी ठोकून घेतली होती.

रामायण लागायचं त्या तासाबद्दल सांगतो. सव्वानऊपर्यंत बाकावर जागा नसायची. साडेनऊला दुकान रिकामं. तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक "आलोच" म्हणून समोरच्या घरात टीव्ही बघायला गेलेलं मी पाहिलं आहे. रस्त्यावर कुत्रं नाही. रविवारभरातली दादांना बसायला मिळणारी तेवढीच वेळ, पण ते बसायचे नाहीत. हॉटेलातून आलेला चहा उभ्याउभ्या प्यायचे आणि मला म्हणायचे, "चढ."

मी फळीवर चढायचो आणि दादा माझे केस कापायचे. दर महिन्याला एका रविवारी, रामायणाच्या वेळेत. इतरांचे केस कापताना ते बोलायचे, भावकीच्या, मंडईच्या भावाच्या, कुस्त्यांच्या गोष्टी. माझे कापताना गप्प. फक्त कात्रीचा आवाज आणि समोरच्या घरातून येणारं संगीत. मानेवर मशिन फिरवायच्या आधी दादा ते मुठीत धरून गरम करायचे, पोराला गार लागू नये म्हणून. हे ते कुठल्याही लहान पोरासाठी करायचे, माझ्यासाठी वेगळं नाही. पण मला ते माझ्यासाठीच वाटायचं.

आणखी एक, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. रविवारची सुट्टी या देशात कामगारांना मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतिबा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. रविवारच का मागितला, तर तो खंडोबाचा वार. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून मुंबईत नाभिकांनी संप केला, तो घडवून आणण्यातही लोखंडेच होते. दादांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. सोमवारी शाळा सुटल्यावर ते मला फुलेवाड्यात घेऊन जायचे, दुकानापासून पाच मिनिटांवर. तिथे बसून त्यांनी मला हे सांगितलं. मी विचारलं, मग आपल्याला का नाही रविवार? ते म्हणाले, "लोकांना सुट्टी मिळाली म्हणून तर ते आपल्याकडे येतात." हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाचा होता.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. जनरल शिफ्टची माणसं आमच्याकडे बुधवारी रात्री यायची, कामावरून थेट, बसमधून उतरून. दादा त्यांच्यासाठी साडेआठनंतर तासभर दुकान उघडं ठेवायचे.

कसब्यातली:

सगळ्यांचं वाचून दाखवलं. प्राधिकरणातल्या काकांच्या पंख्या-पाण्याला बाबा "बरोबर, बरोबर" म्हणाले. फळीवरच्या दादांचं मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मशिन मुठीत गरम करायचं ऐकून म्हणाले, "हत्याराची कदर असलेला माणूस." टूलरूममधल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी नाही. बाबांचा न्हावी शनिवार पेठेतला, पण जायचे तेही बुधवारी रात्रीच.

रविवारची_मुलगी, शब्दकोडं सोडवतात. भिंग घेऊन. आणि अजूनही गुरुवारी. आता रविवारी वाचायला त्यांना कुणाची ना नाही, पण पुरवणी स्वतःच घडी घालून बाजूला ठेवतात.

रामायणाचं सांगते, पण त्याआधी एक वेगळं सांगायला हवं. २ ऑक्टोबर १९८८ ला महाभारत सुरू झालं. तोवर आमच्या घरी आमचा स्वतःचा टीव्ही आला होता. मी तेरा वर्षांची. पहिल्या रविवारी बाबा आले, हात धुतले, पाय भिंतीला लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. आज काय झालं?" मला एकदम लाज वाटली. नक्कल करायची, आवाज काढायचे, मैत्रीण खिडकीतून बघेल. मी म्हटलं, "काही नाही, राजे-बिजे होते." बाबा "बरं" म्हणाले. भावानं थोडे दिवस सांगितलं, मग तोही क्रिकेटला जायला लागला. बाबांनी परत विचारलं नाही. आता इतकी वर्षं झाली, पण ते "बरं" माझ्या कानातून जात नाही. परवा तुमचे प्रतिसाद वाचून दाखवताना मी त्यांना हे सांगून टाकलं. त्यांना आठवतच नव्हतं. मला आठवतं.

आणि रामायण. २०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आई-बाबा तेव्हा माझ्याकडेच अडकले होते. पहिल्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत येऊन बसले. तेहतीस वर्षांनी ते पहिल्यांदा बघत होते. मी शेजारी. सकाळचा भाग रात्री नसायचा, म्हणून ते दोन्ही वेळा बसायचे. मध्ये मध्ये बाबा माझ्याकडे बघून मान डोलवायचे, म्हणजे हे तू सांगितलं होतंस. एकदा म्हणाले, "कैकेयी तू जास्त चांगली करायचीस." भरतभेटीला त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

एप्रिलमध्ये लक्ष्मणाला शक्ती लागली. मारुती द्रोणागिरी उचलून निघाला, आभाळातून उडत लंकेला पोचला, लक्ष्मण उठून बसला. भाग संपला. बाबा उठले नाहीत. पडद्याकडेच बघत राहिले. मला वाटलं बरं वाटत नाही की काय, म्हणून विचारलं, "काय झालं बाबा?"

म्हणाले, "तो मध्ये दम खायला पर्वतीवर टेकला होता ना? एकशे तीन पायऱ्या मोजून खाली उतरला, पाणी प्यायला. ते नाही दाखवलं."

मी तेव्हाच भावाला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला.